दगडाला दगड चिकटत नाही, मग ग्रह झाले कसे?

शाळेच्या पुस्तकात ग्रहांचा जन्म दोन ओळींत उरकतो. सूर्याभोवती धूळ आणि वायू फिरत होते, धूळ गोळा होत गेली, तिचे गोळे झाले आणि गोळ्यांचे ग्रह. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण वाळूच्या कणापासून डोंगराएवढ्या गोळ्यापर्यंतची मधली मजल नेमकी कशी मारली, असं विचारलं की या विषयात आयुष्य घालवलेले खगोलशास्त्रज्ञही जरा सावरून बसतात. कारण सरळ हिशोब केला तर ही मजल अशक्य निघते. आणि हिशोब करणारा तर ग्रहावरच बसलेला आहे.

विषय पुन्हा चर्चेत आला तो जुलै २०२५ मधल्या एका बातमीमुळं. मृग नक्षत्राच्या दिशेला, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर, हॉप्स-३१५ नावाचा एक नुकता जन्मलेला तारा आहे. जेम्स वेब अवकाश दुर्बीण आणि चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींनी मिळून त्याच्याभोवतीच्या तापलेल्या वायूतून खनिजांचे पहिले घन कण तयार होत असल्याच्या खुणा टिपल्या. ग्रह जन्मताना पाहिला, अशा थाटात ही बातमी मोबाइलवर फिरली. प्रत्यक्षात दिसले ते ग्रह व्हायच्या कितीतरी आधीचे, अगदी पहिल्या मुठीतले कण. पुढचा सगळा रस्ता बाकी आहे, आणि या लेखाचा विषय तो रस्ता आहे.

मृग म्हटलं की आपल्याकडं पेरणी आठवते. पण जूनमध्ये सूर्यच त्या भागात असल्यानं मृगाचे तारे रात्री दिसत नाहीत. ते पाहायचे तर हुरड्याच्या दिवसांत, जानेवारीतल्या रात्री आठ-नऊला, चांगले वर चढलेले. एका ओळीत तीन तारे, त्यांच्या दक्षिणेला एक पुसट धुरकट ठिपका आणि थोड्या अंतरावर तांबूस रोहिणी. ग्रहांच्या जन्माच्या अभ्यासात ज्यांची नावं सारखी येतात असे बरेच तारे याच दोन नक्षत्रांच्या दिशेला आहेत. पावसाआधी ज्या रोहिणी-मृगाकडं आपण कॅलेंडरात बघतो, त्यांच्याच मागं हे सगळं चाललेलं आहे.

ताऱ्याभोवतीची तबकडी

तारा जन्मतो तो वायू-धुळीच्या अतिशय थंड ढगातून. ढगाचा एखादा भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं आत कोसळू लागतो. तो आधीपासून किंचित फिरत असतो, आणि आकसताना ते फिरणं वाढत जातं. त्यामुळं सगळा माल थेट ताऱ्यात पडू शकत नाही. उरलेला ताऱ्याभोवती चपटा पसरतो आणि फिरत राहतो. हीच तबकडी. कल्पना जुनी आहे: जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७५५ मध्ये आणि फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १७९६ मध्ये ती आपापल्या परीनं मांडली होती. अशा तबकड्यांची स्वच्छ चित्रं मात्र १९९० च्या दशकात मिळाली, हबल दुर्बिणीनं मृगातल्या त्याच धुरकट ठिपक्यात डोकावल्यावर.

इथं दोन आकडे ध्यानात ठेवले की पुढचं सोपं जातं. तबकडीत सुमारे ९९ टक्के वायू असतो, मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियम. घन पदार्थ, म्हणजे धूळ आणि बर्फाचे कण, अवघा एक टक्का. पृथ्वी, मंगळ, आपल्या पायाखालचा दगड, सगळं त्या एका टक्क्यातून आलेलं आहे. दुसरा आकडा वेळेचा. पंचवीस-तीस लाख वर्षांत साधारण निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या संपून जातात आणि एक कोटी वर्षांनंतर क्वचितच एखादी उरते. वायू ताऱ्यात पडतो, बाकीचा प्रखर प्रकाशानं उडून जातो. गुरूसारखा वायूचा ग्रह करायचा असेल तर सगळं काम या मुदतीत उरकावं लागतं.

सुरुवात सोपी आहे

सुरुवातीचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, म्हणजे केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट बारीक. ते वायूबरोबर तरंगत असतात, एकमेकांना सावकाश भेटतात आणि चिकटतात. डिंक लागत नाही. दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की रेणूंमध्ये एक क्षीण ओढ असते, बारीक कणांना तेवढी पुरते. पुस्तकांच्या कपाटावरची धूळ फुंकरीनं पूर्ण जात नाही, ती याच ओढीमुळं.

हे नुसतं कागदावर नाही. २००३ च्या सुमाराला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर डॉन पेटिट या अंतराळवीरानं मीठ, साखर, कॉफी असले पदार्थ प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून हवेत सोडून पाहिले. वजनरहित अवस्थेत दाणे काही सेकंदांत आपोआप गुठळ्या धरू लागले. स्वयंपाकघरातल्या सामानावर केलेला हा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सगळ्यात आवडता. जर्मनीत ब्रेमेन शहरात १४६ मीटर उंचीचा एक मनोरा फक्त वस्तू मोकळ्या पडू देण्यासाठी बांधलेला आहे. तिथं निर्वात नळीतून पडणाऱ्या पेटीत धुळीच्या गुठळ्या एकमेकींवर सोडून त्या कधी चिकटतात आणि कधी नाही, याची मोजमापं संशोधकांनी वर्षानुवर्षं घेतली आहेत.

त्यातून निघालेलं उत्तर असं. मिलिमीटरभर, फार तर सेंटिमीटरभर होईपर्यंत गुठळ्या चिकटत जातात. त्यापुढं त्या टणक होतात, एकमेकींवर आपटून नुसत्या उसळतात. वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास गेला, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा, तर दगडी धुळीच्या गुठळ्या फुटायला लागतात. बर्फाचे कण जास्त चिवट असतील असा समज होता, पण अलीकडच्या प्रयोगांनी त्यावरही शंका घेतली आहे.

म्हणजे पहिल्या टप्प्यात हाती येतात ते बारीक खडे. इथून पुढं गाडं अडतं.

खळ्यावरचा वारा

हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, गावोगाव फिरायला लागायच्या आधी ज्वारी-हरभरा खळ्यावर उफणला जायचा. एक जण तिवईवर उभा राहून पाटीतला मळलेला माल बारीक धारेनं खाली सोडायचा. भरलेला दाणा जवळपास सरळ खाली पडायचा. भुसकट लांब उडून जायचं. पोचट दाणे आणि बोंडांचे तुकडे या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी. वारा सगळ्यांना एकच, पण कोण किती वाहून जाणार हे ज्याच्या त्याच्या आकारावर आणि वजनावर ठरायचं.

तबकडीत नेमकं हेच चालतं, फक्त तिथला वारा कुठून येतो ते समजून घ्यावं लागतं. ताऱ्याभोवती एखादा दगड फिरतो तेव्हा पडू नये म्हणून त्याला ठरावीक वेग ठेवावाच लागतो. पृथ्वीच्या अंतरावर हा वेग सेकंदाला ३० किलोमीटर. वायूचं तसं नाही. तबकडीचा आतला भाग तापलेला आणि दाट, बाहेरचा थंड आणि विरळ, त्यामुळं वायूचा दाब त्याला किंचित बाहेर रेटत असतो. दाबाचा हा आधार असल्यानं वायू जरा कमी वेगानं फिरूनही आपल्या जागी राहतो. फरक फार थोडा, सेकंदाला पन्नासएक मीटर. पण दगड वायूपेक्षा तेवढ्यानं पुढं पळतो, म्हणून त्याला सतत समोरून वारा लागतो. पन्नास मीटर म्हणजे ताशी १८० किलोमीटर. वायू आपल्या हवेच्या ढोबळमानानं दहा लाखाव्या भागाएवढा विरळ आहे, म्हणून तो झोडपत नाही. पण तो लाखो वर्षं थांबतही नाही.

आता खळ्यावरची वाटणी इथं लावा. अतिबारीक धूळ भुसकटासारखी, वारा नेईल तिकडं जाते, वायूच्याच वेगानं फिरते, तिचं काही बिघडत नाही. किलोमीटरभराचा गोळा भरलेल्या दाण्यासारखा, त्याला असल्या वाऱ्याचं काही वाटत नाही. फजिती होते ती मधल्यांची. समोरच्या वाऱ्यानं त्यांचा वेग कमी होत जातो, वेग कमी झाला की ते आतल्या कक्षेत घसरतात, तिथंही वारा असतोच. पृथ्वीच्या अंतरावर सगळ्यात जास्त फटका बसतो तो साधारण मीटरभराच्या दगडाला. शंभर-दोनशे वर्षांत तो घसरत घसरत ताऱ्याच्या तोंडी जातो. स्टुअर्ट वाइडेनशिलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७७ मध्ये हा हिशोब मांडला, आणि तेव्हापासून "मीटरचा अडसर" हा या विषयातला ठणका होऊन बसला.

थोडक्यात, मीटरभराच्या दगडापुढं दोन संकटं एकदम उभी असतात. वेगवेगळ्या आकारांचे दगड वेगवेगळ्या वेगानं घसरत असल्यानं त्यांची टक्कर सेकंदाला दहा-वीस मीटर किंवा त्याहून जास्त वेगानं होते, त्यात ते फुटतात. आणि नाही फुटले तर शंभर वर्षांत संपतात.

"गुरुत्वाकर्षण कामून नाही धरत?"

हे सगळं मी एकदा आमच्या तात्यांना सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू म्हंतू दगड दगडाला चिकटत नाही. मग तुमचं ते गुरुत्वाकर्षण कामून नाही धरत त्याला?"

शंका रास्त आहे, बहुतेकांच्या मनात हीच येते. उत्तर एका आकड्यात आहे. मीटरभर व्यासाच्या दगडाचं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं की त्याच्या पृष्ठभागावरून सेकंदाला एक मिलिमीटर वेगानं उडालेला कणसुद्धा परत येत नाही. मुंगी त्याहून जोरात चालते. टक्करी मात्र सेकंदाला काही मीटरच्या. दोन किलोमीटर व्यासाच्या गोळ्याचा हाच आकडा सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो, शंभर किलोमीटरच्या गोळ्याचा साठ-पासष्ट मीटरवर. मग मात्र धडक बसून उडालेला चुरा पुन्हा खालीच पडतो, आणि दरेक धडकेगणिक गोळा वाढत जातो.

म्हणजे गुरुत्वाकर्षण कामाला लागतं ते गोळा पुरेसा मोठा झाल्यावर. एवढ्या मोठ्या झालेल्या, एक किलोमीटर ते काहीशे किलोमीटरच्या गोळ्यांना यापुढं ग्रहबीज म्हणू. अडचण ग्रहबीज तयार होईपर्यंतची आहे. बारीक खड्याला रेणूंची ओढ पुरत नाही, गुरुत्वाकर्षण अजून आलेलं नाही, आणि वारा तर हात धुऊन मागं लागलेला.

सगळी पाटी एकदम ओतली तर

पुन्हा खळ्यावर जाऊ. उफणताना माल बारीक धारेनं का सोडायचा, हे ज्यानं ते काम केलंय त्याला सांगावं लागत नाही. नवखा माणूस घाई करतो आणि अख्खी पाटी एकदम उपडी करतो. मग काय होतं? दाट लोंढा खाली येतो, बाहेरच्या थोड्या मालाला वारा लागतो, आतल्याला लागतच नाही. भुसकटासकट सगळं तिथंच ढिगावर पडतं. एकटंदुकटं भूस वाऱ्याचं ऐकतं. लोंढ्यात असलं की वाऱ्यालाच वाट काढावी लागते.

२००५ मध्ये अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन या दोघांनी तबकडीच्या समीकरणांत नेमकी ही गोष्ट दाखवून दिली. तोवरच्या हिशोबात वायू खड्यांना मागं ओढतो, एवढंच मोजलं जायचं. पण ओढ दोन्ही बाजूंनी असते. खडेही वायूला पुढं ओढतात. खडे विरळ असतील तर त्याचा काही परिणाम नाही. पण एखाद्या जागी खड्यांचं एकूण वस्तुमान तिथल्या वायूच्या बरोबरीला आलं, तर ते सगळे मिळून वायूलाच आपल्या वेगानं पळवू लागतात. तिथं समोरचा वारा मंदावतो, त्या घोळक्याचं आत घसरणं कमी होतं. बाहेरून घसरत येणारे एकटे खडे मात्र आपल्या नेहमीच्या वेगानं येतात आणि या घोळक्याला येऊन मिळतात. घोळका दाट होतो, वारा आणखी मंदावतो, आणखी खडे अडकतात. एकदा सुरू झालं की हे आपल्या पायावर वाढत जातं. शास्त्रज्ञ याला प्रवाह-अस्थिरता म्हणतात.

खळ्याची तुलना इथं संपते, कारण खळ्यावर लोंढा जमिनीवर आदळतो आणि गोष्ट थांबते. तबकडीत जमीन नाही. घोळका दाट होत होत अशा वेळेला पोचतो की सुट्या खड्याला नसलेलं गुरुत्वाकर्षण सगळ्या खड्यांचं मिळून पुरेसं होतं. मग पूर्ण थवाच्या थवा आत कोसळतो. खड्याचा मीटरभराचा दगड, त्याचा दहा मीटरचा, त्याचा शंभर मीटरचा, अशा पायऱ्या चढाव्याच लागत नाहीत. धोक्याचा मीटरभराचा आकार सरळ ओलांडला जातो. सेंटिमीटरच्या खड्यांचा ढग एकदम शंभर किलोमीटरच्या आसपासचा गोळा होतो. अँडर्स योहान्सेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये संगणकावर हे घडवून दाखवलं, आणि त्यानंतर या विषयातला निराशेचा सूर बराच निवळला.

मला यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे: तीसएक वर्षं वाऱ्याला खलनायक ठरवून त्याच्यापासून खडे वाचवायचे कसे याचे उपाय शोधले गेले, आणि खड्यांना गोळा करायचं काम त्याच वाऱ्याकडं निघालं.

पण एवढी गर्दी जमते कुठं?

तबकडीत वायू शंभर पट जास्त आहे, मग खडे त्याच्या बरोबरीला येणार कसे, ही पुढची शंका. दोन गोष्टी मदतीला येतात.

पहिली साधी आहे. खडे जड झाले की तबकडीच्या मधल्या पातळीवर खाली बसतात. वायू वर-खाली पसरलेला राहतो, घन माल मात्र एका पातळ थरात गोळा होतो. त्या थरात शंभरास एक हे प्रमाण कितीतरी सुधारतं.

दुसरी म्हणजे वायूच्या दाबातले उंचवटे. दाब आतून बाहेर सरळ कमी होत गेला तर खडे सतत आत घसरतात. पण एखाद्या पट्ट्यात दाब आजूबाजूपेक्षा जास्त असेल, तर त्याच्या आतल्या कडेला वायूचा वेग खड्यांपेक्षा जास्त होतो, वारा समोरून न लागता पाठीमागून लागतो, आणि खडे बाहेर ढकलले जातात. दोन्हीकडून खडे त्या पट्ट्याकडं येतात आणि तिथं अडकून राहतात. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९७२ मध्येच हे सुचवलं होतं.

पुरावा यायला बेचाळीस वर्षं लागली. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरवर, आल्माच्या ६६ अँटेना एकजुटीनं काम करतात. २०१४ मध्ये त्या एचएल टॉरी या ताऱ्याकडं वळवल्या. हा तारा रोहिणीच्या अगदी शेजारी दिसतो, पण रोहिणीच्या खूप मागं, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याचं वय फार तर दहा-वीस लाख वर्षं. चित्र आलं तेव्हा पाहणारे थक्क झाले. तबकडी सपाट, एकसारखी असेल अशी अपेक्षा होती. दिसली ती एकाभोवती एक उजळ कडी आणि त्यांच्यामध्ये अंधारे पट्टे. त्यानंतर अशी कडी पुष्कळ ताऱ्यांभोवती सापडली. खडे पट्ट्यांत अडकतात, याची ही उघड खूण आहे.

उंचवटा कशानं तयार होतो, याची कारणं एकाहून जास्त असू शकतात. आधीच झालेला एखादा ग्रह पट्टा कोरतो, हे एक. हिमरेषा हे दुसरं. ताऱ्यापासून जितक्या अंतरावर पाण्याची वाफ गोठून बर्फ होते, ती हिमरेषा. तिच्या पलीकडं धुळीत बर्फाची भर पडते, घन माल एकदम वाढतो. आपल्या सूर्याच्या बाबतीत ती मंगळ आणि गुरूच्या मधोमध कुठंतरी होती, असं मानतात. मृगातल्याच व्ही८८३ या ताऱ्याभोवती २०१६ मध्ये आल्मानं हिमरेषा पाहिली. तो तारा तेव्हा भडकलेला असल्यानं ती एरवीपेक्षा कितीतरी बाहेर सरकली होती, म्हणूनच दिसली.

एवढं जुनं कुणी पाहिलंय?

कुणीच नाही, पण साक्षी आहेत. त्यांतला पहिला खूप दूर आहे. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स हे यान प्लूटोच्याही पलीकडं, सूर्यापासून सुमारे साडेसहाशे कोटी किलोमीटरवर, अॅरोकोथ नावाच्या एका पिंडाजवळून गेलं. लांबी पस्तीसएक किलोमीटर. दोन चपटे गोळे हलकेच एकमेकांना टेकून जोडले गेले आहेत, मधल्या मानेपाशी ना भेगा, ना चुराडा. हिशोबाअंती निघालं की दोघे भेटले ते माणसाच्या चालण्या-धावण्याच्या वेगानं. इकडून-तिकडून भटकत आलेले दोन गोळे एवढ्या हळुवार भेटत नाहीत. एकाच कोसळणाऱ्या थव्यातून, शेजारी-शेजारी तयार झालेले भेटू शकतात. त्या भागात एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोड्याही पुष्कळ आहेत, आणि जोडीतल्या दोघांचा रंग बहुधा सारखा असतो. म्हणजे दोघांचा माल एकाच पट्टीतला.

दुसरा साक्षीदार आपल्या हातात धरता येतो: अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड. इथं एक गोष्ट आपल्या मराठवाड्यासाठी सांगायला हवी. दगड म्हटला की आपल्यासमोर येतो तो काळा पाषाण, ज्यात वेरूळचं कैलास लेणं कोरलंय. तो आपल्याला आदिम वाटतो, पण वयानं फक्त साडेसहा कोटी वर्षांचा आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत अभ्यासासाठी खोल बोअर घेतलं, तेव्हा तीनशे-साडेतीनशे मीटरवर हा पाषाण संपून खालचा जुना खडक लागला. देगलूर-बिलोलीकडं तर तो जुना ग्रॅनाइट उघडाच पडलेला दिसतो. तोही शेकडो कोटी वर्षांचा, पण पृथ्वी जन्मली त्या काळचा नाही. पृथ्वीनं आपला सुरुवातीचा दगड वितळवून, घडी घालून, पुन्हा पुन्हा वापरून टाकला आहे. सुरुवातीची नोंद तिच्याकडं उरलेली नाही.

ती अशनींमध्ये आहे. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत अयेंदे गावाच्या परिसरात पडलेल्या अशनीचे दोनेक टन तुकडे सापडले. त्यात कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचे पांढरट डाग आहेत. अशा डागांचं वय ४५६.७ कोटी वर्षं, सूर्यमालेतला सगळ्यात जुना मोजलेला घन पदार्थ. हॉप्स-३१५ भोवती आत्ता जे चाललंय ते साधारण याच टप्प्याचं. डागांच्या आजूबाजूला मिलिमीटरभराचे गोल मणी खच्चून भरलेले असतात, एकेकाळी वितळून पुन्हा थिजलेले. अंतराळात सुट्या फिरणाऱ्या खड्यांचा ढग दाबून गोळा केला तर आतून तो जसा दिसेल, तसाच हा दगड दिसतो.

लोखंडी अशनी आणखी एक गोष्ट सांगतात. त्या एकेकाळी वितळलेल्या ग्रहबीजांच्या गाभ्याचे तुकडे आहेत, आणि त्यांच्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजणीवरून ती ग्रहबीजं पहिल्या काही लाख वर्षांतच तयार झाली होती. एकेक पायरी चढत गेलेल्याला एवढी घाई जमली नसती.

शंभर किलोमीटरच्या पुढं

इथून पुढची गोष्ट तुलनेनं सरळ आहे, म्हणून भरभर सांगतो. ग्रहबीजं एकमेकांवर आदळून वाढतात, हे १९६९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ व्हिक्टर साफ्रोनोव्ह यांनी तपशिलात मांडलं होतं. पण नुसत्या टकरींनी गुरूचा गाभा वाढायला फार वेळ लागतो, तोवर वायू संपून जातो. गेल्या पंधरा वर्षांत त्याला जोड मिळाली ती उरलेल्या खड्यांची. मोठ्या ग्रहबीजाजवळून जाणारा खडा वायूच्या ओढीनं आपला वेग गमावतो आणि निसटून जायच्या ऐवजी त्याच्यावर येऊन पडतो. अशा खड्यांच्या वर्षावात गाभा पृथ्वीच्या दहापट होण्याइतका झपाट्यानं वाढू शकतो, आणि मग तो आजूबाजूचा वायू ओढून घेतो. पीडीएस ७० या ताऱ्याभोवतीच्या तबकडीच्या पोकळीत असे दोन तरुण वायुग्रह २०१८ आणि २०१९ मध्ये प्रत्यक्ष दिसले आहेत.

पृथ्वीला घाई नव्हती. वायू गेल्यानंतरही कोट्यवधी वर्षं मोठमोठ्या पिंडांच्या धडका चालू राहिल्या, त्यातल्याच एका शेवटच्या मोठ्या धडकेत चंद्र झाला असं बहुतेक जण मानतात. उरलीसुरली ग्रहबीजं आणि त्यांचे तुकडे आजही फिरतात. त्यांतला एक आपल्या शेजारी, जालन्याच्या सीमेपलीकडं बुलडाण्यात पडला आणि लोणारचं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर झालं.

मग प्रश्न सुटला का?

निम्मा सुटला असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होईल. संगणकात खडे पुरेसे आणि योग्य आकाराचे घातले की थवे कोसळतात. खडे फार बारीक असले किंवा तबकडीत जास्त खळबळ असली तर ते कोसळत नाहीत. किती माल पुरे, यावर अजून वाद आहे. माल जास्त तर ग्रह जास्त, याला मात्र आकाशातून दुजोरा आहे: लोखंडासारखी जड मूलद्रव्यं ज्या ताऱ्यांत जास्त, त्यांच्याभोवती गुरूसारखे मोठे ग्रह जास्त सापडतात. सापडलेल्या परग्रहांची, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची, एकूण नोंद सप्टेंबर २०२५ मध्ये ६,००० च्या वर गेली. आकाशगंगेत ग्रह होणं ही नवलाई नाही, रीत आहे. म्हणजे अडसर कितीही अवघड वाटला तरी निसर्ग तो सर्रास ओलांडतो.

खरी अडचण बघण्याची आहे. धुळीचा कण साधारण आपल्या आकाराएवढ्या लांबीच्या लहरींत ठळक दिसतो. आल्मा मिलिमीटरच्या लहरींत पाहते, म्हणून तिला मिलिमीटरचे कण दिसतात. शंभर किलोमीटरची ग्रहबीजं मोजकी आणि अंधारी असल्यानं एवढ्या दुरून दिसणारच नाहीत. या दोन्हींच्या मध्ये, सेंटिमीटरच्या खड्यांपाशी, जिथं सगळा खेळ ठरतो, तिथं आपली नजर तोकडी पडते. त्यासाठी सेंटिमीटरच्या लहरींत पाहणारी आणि फार बारीक तपशील टिपणारी रेडिओ दुर्बीण हवी. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर अॅरे ही प्रचंड दुर्बीण उभी राहते आहे, त्यात भारताचा सहभाग आहे आणि आपल्याकडचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडं आहे. तिच्या दक्षिण आफ्रिकेतल्या भागाला ठरवून दिलेल्या कामांत तरुण ताऱ्यांभोवतीचे हे सेंटिमीटरचे खडे शोधणं आहे.